कोडचा सहकार

गाळप हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्यात एकच गणित हजारो वेळा केले जाते. ऊस काट्यावर तोलला गेला, वजनाची पावती निघाली, की त्या टनेजची एफआरपीप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर भावाप्रमाणे, किती रक्कम होते आणि तोडणी-वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या खात्यावर किती जमा करायची, हे ते गणित. कारखाना संगमनेरचा असो, कोपरगावचा, राहुरीचा की श्रीगोंद्याचा, नियम केंद्र सरकारचा आणि सर्वांना सारखा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जादा, घटला की तेवढेच कमी. उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी भाव ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली उतरत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्क्यांनी व्याज.

नियम एवढाच आहे. संगणकाला तो नीट समजावून सांगायला चांगल्या प्रोग्रॅमरला एखादा दिवस पुरेल. पण संस्था आपापले सॉफ्टवेअर आपापल्या पुरवठादाराकडून घेतात, आणि तोच नियम वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा लिहिला जातो, पुन्हा पुन्हा चुकतो आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त होतो. दूध संघाचे फॅट आणि एसएनएफचे दरपत्रक, पतसंस्थेचे थकीत कर्जावरचे व्याज, सोसायटीचे पीककर्ज, यांचीही तीच कथा. ज्या जिल्ह्याने १९५० मध्ये लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्या जिल्ह्यात सॉफ्टवेअर मात्र जो तो एकट्याने विकत घेतो. हे बदलण्याचे साधन गेली वीस वर्षे फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव गिट. ते साधन काय आहे, कसे चालते आणि आपल्याकडच्या लोकांनी ते कसे वापरले आहे, ते सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी वाटून घ्यायचे काय, ते पाहू. एफआरपीचे आकडे जवळजवळ दरवर्षी बदलतात. २०२४-२५ मध्ये ते ३४० रुपये, ३ रुपये ३२ पैसे आणि तळाचा भाव ३१५ रुपये १० पैसे असे होते. सूत्र मात्र तेच राहिले. जे बदलते ते एका बाजूला काढायचे, जे टिकते ते दुसऱ्या बाजूला, आणि टिकणाऱ्या भागाला एक नाव देऊन तो बंद करून ठेवायचा, म्हणजे वापरणाऱ्याला आत डोकवावे लागत नाही. प्रोग्रॅमर याला अॅबस्ट्रॅक्शन म्हणतात. असे वेगळे काढताना नियमाबद्दल नवे काही कळते, हा त्याचा मोठा फायदा. वरच्या आकड्यांचा ताळा करून पाहा. १०.२५ मधून ९.५ गेले की ०.७५ उरतात, म्हणजे साडेसात वेळा ०.१. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ते ३५५ मधून वजा केले की बरोबर ३२९.०५ येतात. २०२४-२५ चे ३४० आणि ३.३२ घेतले की ३१५.१० येतात. म्हणजे तळाचा भाव हा स्वतंत्र आकडा नाहीच. सूत्रात ९.५ चा उंबरठा ठेवला की तो आपोआप निघतो. ज्या प्रोग्रॅमरने तो हाताने लिहून ठेवला असेल त्याला दरवर्षी एक आकडा जास्त बदलावा लागेल, आणि एखाद्या वर्षी तो राहून जाईल.

असे घट्ट बांधलेले, पुन्हा वापरता येणारे तुकडे सर्वांना मिळावेत ही कल्पना नवी नाही. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेत बेल प्रयोगशाळेचे डग मॅकइलरॉय यांनी मांडले होते की कारखान्यात जसे सुटे भाग तयार होतात आणि यादीतून निवडता येतात, तसे सॉफ्टवेअरचे भाग तयार झाले पाहिजेत. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रॅमचे तुकडे कसे पाडावेत याची कसोटी सांगितली: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका तुकड्याच्या आत लपवा. ऊसबिलाला ही कसोटी अगदी नेमकी लागू पडते. दर बदलणार हे ठरलेले आहे, तर दर एकाच जागी ठेवा.

भाग तयार करणे जमले, पण ते वाटून घेणे पुढची कित्येक वर्षे नीट जमले नाही. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याला द्यायचा तो फ्लॉपीवर, पुढे पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलला जोडून. घेणाऱ्याने आपल्या गरजेपुरता तो बदलला. देणाऱ्याने इकडे एक चूक दुरुस्त केली, ती तिकडे पोचली नाही. सहा महिन्यांनी दोन प्रती झाल्या, दोन्हींत काही बरोबर आणि काही चूक, आणि कुठे काय का बदलले हे कोणालाच सांगता येईना.

प्रतींचा हा गोंधळ जुनाच आहे. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढची तीनशे वर्षे ती हातांनी नकलून पसरली. नकलून घेणाऱ्यांच्या प्रतींत पाठ बदलत गेले, ओव्या कमीजास्त झाल्या. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. एकनाथांच्या कामाची खरी अडचण लक्षात घ्या. त्यांच्यापुढे प्रती होत्या, पण त्या प्रतींचा इतिहास नव्हता. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हा शब्द कोणी, कधी आणि काय समजून बदलला, हे पोथी सांगत नाही. ते अंतःप्रज्ञेने आणि विद्वत्तेने ठरवावे लागले. म्हणूनच विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्या संशोधकांना एकनाथपूर्व पाठाचा पुन्हा शोध घ्यावासा वाटला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. १९१९ ला सुरू झालेले ते काम १९६६ ला पुरे झाले. इतिहास हरवलेल्या प्रती पुन्हा एकत्र आणायच्या तर इतकी किंमत मोजावी लागते.

प्रत देताना तिचा इतिहासही सोबत देता आला तर? संगणकाच्या जगात या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास मार्क रॉचकाइंड यांनी फायलीतल्या बदलांची नोंद ठेवणारी पहिली प्रणाली केली. पुढे सीव्हीएस आणि सबव्हर्जन आले. या दोन्हींत इतिहास होता, पण तो मधल्या एका सर्व्हरवर. त्या सर्व्हरवर लिहिण्याची परवानगी ज्यांना, तेच खरे भागीदार. बाकीच्यांनी आजची प्रत घ्यावी आणि गप्प बसावे. सर्व्हर बंद पडला किंवा नेट गेले की काम थांबले. ग्रामीण भागात ज्यांनी भारनियमनाच्या दिवसांत संगणकावर काम केले आहे त्यांना ही अट किती जाचक आहे हे वेगळे सांगायला नको.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर काम करणारे प्रोग्रॅमर २००२ पासून बिटकीपर नावाची खासगी कंपनीची प्रणाली वापरत होते. २००५ च्या एप्रिलमध्ये तिचा फुकट वापर बंद झाला. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी बाकी काम बाजूला ठेवून स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ३ एप्रिलला सुरुवात झाली आणि ७ एप्रिलला गिट स्वतःचाच इतिहास स्वतःमध्ये नोंदवू लागले. जूनमध्ये लिनक्स गाभ्याची २.६.१२ ही आवृत्ती गिट वापरून बाहेर पडली. जुलैत टोरवाल्ड्स यांनी ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवले, आणि हमानो ते आजतागायत सांभाळत आहेत. एखादे साधन लिहिण्याइतकेच ते वीस वर्षे निष्ठेने सांभाळणे मोठे आहे, असे मला वाटते.

गिटची आतली रचना समजून घ्यायला अवघड नाही, आणि ती समजली की बाकीचे आपोआप उलगडते. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या क्षणी सगळ्या फायली कशा होत्या ते असते, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, बदलाचे कारण, आणि आधीच्या कमिटची ओळख. या सगळ्यावरून गणिताने चाळीस अक्षरांचा एक ठसा काढला जातो, आणि तोच त्या कमिटचा ओळखक्रमांक. पाच वर्षांपूर्वीच्या एका फायलीतला एक स्वल्पविराम कोणी गुपचूप बदलला, तर त्या कमिटचा ठसा बदलतो. त्याच्या पुढच्या कमिटमध्ये हा ठसा असल्याने त्याचाही बदलतो, आणि असे शेवटपर्यंत. म्हणून इतिहासात कोणालाही नकळत फेरफार करता येत नाही. दोन माणसांकडे शेवटच्या कमिटचा ठसा सारखा असेल तर दोघांकडे संपूर्ण इतिहास सारखा आहे.

आता ‘वितरित’ म्हणजे काय ते सोपे होते. गिटमध्ये कोणाचा प्रकल्प घेणे याला क्लोन करणे म्हणतात. क्लोन केला की आजच्या फायलींबरोबर पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास आपल्या संगणकावर येतो. मग नेट नसले तरी जुन्या नोंदी पाहता येतात, नव्या करता येतात, वेगळी ब्रांच, म्हणजे फाटा, काढून प्रयोग करता येतो. मधला कोणताही सर्व्हर तांत्रिकदृष्ट्या मुख्य नसतो; लोक ज्याला मुख्य मानतात तो मुख्य. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब ही भेटण्याची जागा आहे. उद्या ती बंद झाली तरी ज्यांनी क्लोन घेतला आहे त्यांच्यापाशी प्रकल्प आणि त्याचा इतिहास शाबूत राहतो.

दोन प्रती पुन्हा एकत्र आणणे, म्हणजे मर्ज, हे गिटचे सर्वांत मोलाचे काम. समजा, ऊसबिलाचे सामाईक सूत्र दोन कारखान्यांनी घेतले. एकाने उशिराच्या व्याजाचा भाग सुधारला, दुसऱ्याने वजनाच्या पूर्णांकातली चूक काढली. गिट दोन्ही इतिहास मागे मागे नेत दोघांचा शेवटचा समान पूर्वज शोधते. त्या पूर्वजापासून इकडे काय बदलले आणि तिकडे काय बदलले, हे पाहून दोन्ही बदल एकत्र करते. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर ते स्वतः निर्णय घेत नाही. थांबते, दोन्ही पाठ समोर ठेवते आणि माणसाला विचारते. एकनाथांना जो समान पूर्वज उपलब्ध नव्हता, तो गिटला नेहमी उपलब्ध असतो. सारा फरक तेवढाच आहे, पण त्या फरकाने अर्धे शतक चालणारे काम काही सेकंदांवर येते.

नियम मागे घेतला गेला तर काय करायचे, याचे उत्तरही इतिहासात असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अशा वेळी गिटमध्ये जुना बदल उलटवणारी नवी नोंद करतात. जुनी नोंद पुसली जात नाही. मधल्या हंगामातले एखादे बिल पाच वर्षांनी तपासायला आले, तर त्या दिवशी कोणता नियम लागू होता आणि कोडमध्ये तो कसा लिहिला होता, हे त्या तारखेच्या खुणेवर जाऊन पाहता येते. लेखापरीक्षकांना अशा सोयीचे महत्त्व मी सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात या मार्गाने जाऊन मोठे काम झाले आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालेली नाही. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी ईआरपी, म्हणजे व्यवसायाचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसवण्याच्या खटाटोपातून पुढे स्वतःचे ईआरपी लिहिले. तेच ईआरपीनेक्स्ट. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि परवाना असा की कोणीही वापरावा, बदलावा, पण बदललेले पुढे वाटताना तेही खुले ठेवावे. त्यांच्या कंपनीने पुढे त्यातला सर्वसाधारण भाग वेगळा काढला. हिशेब, साठा, पगार हे वरचे थर. त्यांच्या खाली सगळ्यांना लागणारा पाया म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क. त्याचा परवाना आणखी सैल ठेवला.

फ्रॅपेमध्ये मूळ कल्पना आहे ती डॉकटाइपची. ‘ऊस वजन पावती’ असा एखादा दस्तऐवज हवा असेल तर त्यात कोणते रकाने, कोणत्या प्रकारचे, कोणाला पाहता येतील आणि कोणाला बदलता येतील, एवढे सांगायचे. डेटाबेसमधला तक्ता, भरायचा फॉर्म, यादी, शोध, इतर प्रोग्रॅमना जोडणी, हे सगळे फ्रेमवर्क स्वतः तयार करते. अॅबस्ट्रॅक्शनचे इतके ठळक उदाहरण आपल्या आसपास दुसरे सापडणार नाही. हे वर्णन साध्या मजकुराच्या फायलीत साठवले जाते, म्हणून गिट ते ओळीओळीने ताडू शकते. आणि नवे अॅप आपल्या सर्व्हरवर आणायचे तर बेंच नावाच्या साधनाला त्या अॅपच्या गिट रेपॉझिटरीचा, म्हणजे इतिहासासह ठेवलेल्या प्रकल्पाचा, पत्ता द्यायचा. ते क्लोन करून जागेवर बसवते. वाटपाची वेगळी यंत्रणाच नाही, गिट हीच यंत्रणा. २०२२ मध्ये चौदाव्या आवृत्तीच्या वेळी ईआरपीनेक्स्टमधून कर्मचारी-पगार विभाग, तसेच शिक्षण, आरोग्य, शेती यांचे विभाग वेगवेगळ्या अॅपमध्ये काढले गेले. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, आणि प्रत्येक विभाग ज्यांना त्याची खरी कळकळ आहे त्यांनी सांभाळावा, असा त्यामागचा विचार. साखर कारखान्याचे अॅप याच पद्धतीने उभे राहू शकते.

पुण्यातले उदाहरण आपल्या लिपीचेच आहे. लोहित या नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले, रेड हॅट कंपनीने ते खुले केले आणि तिच्या पुण्यातल्या लोकांनी ते सांभाळले. देवनागरीत जोडाक्षर कसे जुळते, रफार कुठे चढतो, ‘दऱ्या’मधला र कसा दिसतो, हे ठरवणारे नियम फॉन्टच्या आत असतात. पुढे लोहितची फेरमांडणी करताना हे नियम अक्षरांच्या आकारांपासून वेगळे करून साध्या मजकुराच्या स्वतंत्र फायलीत लिहिले गेले. त्यामुळे दुसरा फॉन्ट घडवणाऱ्याला आकार आपले आणि नियम लोहितचे असे करता येते. हिंदी, कोकणी, मैथिली यांच्यासाठी आधी वेगवेगळे असलेले फॉन्ट एका लोहित देवनागरीत आले. सूत्र एक आणि बदलणारे तपशील वेगळे, हे ऊसबिलात जसे, तसेच अक्षरात.

या मार्गातले धोकेही सांगितले पाहिजेत. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अवघ्या अकरा ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएम या मध्यवर्ती भांडारातून काढून घेतली, आणि तिच्यावर विसंबलेले जगभरातले असंख्य प्रकल्प काही तास उभारता येईनात. अकरा ओळींसाठी परक्याच्या दारात उभे राहायचे का, याचा विचार आधी करायला हवा, आणि जे घेतले त्याचा क्लोन आपल्याकडे ठेवायला हवा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी मागचा दरवाजा बसवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, आणि तो त्याच्या मागे लागला म्हणून जग वाचले. त्या घातपातातला एक कळीचा तुकडा गिटच्या इतिहासात नव्हता. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घुसवलेला होता. जे इतिहासात दिसत नाही त्यावर विश्वास ठेवू नये, हा त्यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहारातला आहे. एक्सझेडचा सांभाळणारा एकट्याने राबून थकलेला होता, हेही विसरू नये. सामाईक कोड फुकट मिळतो, पण त्याची देखभाल फुकट होत नाही.

दुसरा धोका घाईचा. सारखे दिसते म्हणून सगळे एका सूत्रात कोंबण्याचा मोह होतो. एफआरपीचे सूत्र सर्वांना एक आहे, पण तोडणी-वाहतुकीची कपात कारखान्यागणिक वेगळी ठरते: अंतर, बैलगाडी की ट्रॅक्टर, यंत्राने तोडणी की टोळीने. हे सगळे पहिल्याच दिवशी एका अॅबस्ट्रॅक्शनमध्ये बसवायला गेलो तर ‘अमुक कारखाना असेल तर असे’ अशा अटींचे जंगल होते आणि कोणालाच त्याला हात लावायचे धाडस होत नाही. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे लिहून पाहावे, त्यातले खरोखर समान काय ते कळल्यावरच वेगळे काढावे. गिटमध्ये वेगळी ब्रांच ठेवणे स्वस्त आहे, त्यामुळे थांबायला जागा मिळते.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. शेतकऱ्यांची नावे, बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक, सर्व्हरचे पासवर्ड यांतले काहीही रेपॉझिटरीत जाता कामा नये. नियम वाटायचा, माहिती नाही. गिट काही विसरत नाही हा त्याचा गुण इथे घातक ठरतो: एकदा कमिट झालेली माहिती पुढच्या कमिटमध्ये काढली तरी इतिहासात राहते आणि प्रत्येक क्लोनबरोबर जाते.

मराठीची अडचण कितपत येते? कमिटचा मजकूर मराठीत लिहिता येतो आणि नीट दिसतो. फायलींची नावे देवनागरीत असली तर गिट सुरुवातीला ती विचित्र आकड्यांत दाखवते. कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग बंद केली की अक्षरे दिसू लागतात. पायथन ३ मध्ये तर चलांची नावेही देवनागरीत चालतात. माझे मत असे की कोडमधली नावे इंग्रजीत असली तरी बदलाचे कारण मराठीत लिहावे. शेतकी अधिकारी, चिटबॉय, सोसायटीचे सचिव यांना कोड वाचता येणार नाही, पण ‘उतारा ९.५ च्या खाली असताना भाव चुकत होता, दुरुस्त केला’ हे वाचून ते सांगू शकतात की दुरुस्ती बरोबर आहे की नाही. नियमाचे खरे जाणकार तेच आहेत.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्यात सर्वांसाठी एक सामाईक सॉफ्टवेअर नाबार्डमार्फत देण्याचे ठरले. आपल्या गावातल्या विकास सोसायट्या त्यात येतात. एकच सॉफ्टवेअर सर्वांना, ही दिशा योग्यच आहे. पण वरून एक तयार वस्तू येणे वेगळे आणि वापरणाऱ्यांनी मिळून एक वस्तू घडवत राहणे वेगळे. सहकार म्हणजे दुसरे.

ते दुसरे घडवायला लागणारी माणसे याच जिल्ह्यात आहेत. लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ ची. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाची मुले दरवर्षी प्रकल्प करतात, अहवाल बांधून देतात, आणि पुढच्या वर्षीची मुले बहुधा शून्यापासून सुरुवात करतात. विभागाने एवढेच ठरवावे की प्रकल्प गिट रेपॉझिटरीत द्यायचा, खुल्या परवान्यासह, आणि पुढच्या तुकडीने त्याच इतिहासावर पुढे काम करायचे. चार वर्षांत त्यातून वापरण्याजोगे काहीतरी उभे राहील.

सुरुवात लहान असावी. या हंगामात एका गटाने फक्त एफआरपीचे सूत्र लिहावे. सोबत मागच्या हंगामांचे आकडे आणि तपासण्या ठेवाव्यात: २०२५-२६ ला १०.२५ उताऱ्याला ३५५, ११.२५ ला ३८९.६०, ९.५ ला ३२९.०५ आणि ९ ला सुद्धा ३२९.०५. ही चार उत्तरे बरोबर आली की रेपॉझिटरी खुली करावी आणि जवळच्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला ती दाखवायला घेऊन जावे. तो काय चुकले आहे ते सांगेल. त्याने सांगितलेली दुरुस्ती त्याच्या नावानिशी कमिट करा.